अतिमदत

केंद्राच्या कपाटात मावशींची जी फाइल होती, तिच्यात एकच शेरा तीन वेगवेगळ्या तारखांना लिहिलेला होता: ‘अतिमदत’. उशिरा येणं, उलट बोलणं, कामाच्या वेळात डुलकी काढणं असले शेरे बाकीच्या मदतनीसांना अधूनमधून मिळायचे आणि त्याचं कोणाला फारसं काही वाटायचं नाही. हा शेरा मात्र अख्ख्या केंद्रात एकट्या मावशींनी कमावला होता, तोही तीनदा.

नगरपालिकेच्या या घरमदत केंद्राचं काम तसं साधं. घर चालवणारं माणूसच एकदम आडवं झालं आणि मुलं लहान असली, की केंद्रातून सहा आठवडे मदतनीस जाते. सकाळी अडीच तास, संध्याकाळी तीन. पहिले दोन आठवडे तिने करायचं आणि घरच्यांनी बघायचं. पुढचे दोन दोघांनी मिळून. शेवटचे दोन घरच्यांनी करायचं आणि तिने नुसतं बघायचं.

हे शेवटचे दोन आठवडे मावशींना आजवर कधी जमलेच नव्हते. समोर कोणी कांदा वेडावाकडा चिरायला लागलं की त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या. “द्या इकडे, मी पटकन करते,” हे वाक्य त्यांच्या तोंडून शिंक यावी तसं यायचं, आवरायला वेळच मिळायचा नाही. त्यामुळे सहा आठवडे घर कसं लख्ख चालायचं आणि सातव्या आठवड्यात पार कोलमडायचं. एका घरातल्या आजोबांनी तर मावशी गेल्यावर केंद्राला रोज फोन लावला होता. सोमवारी मीठ कुठे आहे, मंगळवारी साखर कुठे आहे, बुधवारी चहाची गाळणी.

“या घरी मी तुम्हाला पाठवणार नव्हते,” पर्यवेक्षिका म्हणाल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. वयाने त्या मावशींपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि रागावताना चष्मा कपाळावर ढकलायच्या. आत्ता तो कपाळावरच होता. “पण दुसरं कोणी मोकळं नाहीये.”

“म्हणजे नाइलाज म्हणून.”

“हो.”

“चालेल. माझं लग्नही तसंच ठरलं होतं.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला. तीन मुलांची आई शिडीवरून पडली होती, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, चार महिने तरी ती रुग्णालयातून हलणार नव्हती. वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. जवळचं नातेवाईक कोणी नाही.

“सहा आठवडे झाले की मी सकाळी घरी येऊन बघणार. चौदा कामं आहेत. त्यातली बारा तरी त्यांनी कोणाचाही हात न लागता केली पाहिजेत. आणि पुढे चांदणी काढलेली तीन तर चुकवून चालणारच नाहीत. गॅस, औषधं आणि रडणारं मूल.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर आई घरी येईपर्यंत मुलांना तात्पुरत्या पालकांकडे ठेवावं लागेल. तिघांना एकत्र घेईल असं घर आपल्याकडे नाही. मोठी दोघं एकीकडे, धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला.”

“धाकटी केवढी आहे?”

“तीन वर्षं पूर्ण व्हायचीत.” मॅडमनी चष्मा खाली घेतला. “म्हणून सांगते मावशी, या वेळी हात आवरा.”

घर पाचव्या मजल्यावर होतं आणि इमारतीतली लिफ्ट बंद होती. मावशी पाच मजले चढून, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. श्वास जाग्यावर आल्यावर पहिलं वाक्य त्या म्हणाल्या ते असं: “भाऊ, तुम्ही लिफ्टचंच काम करता ना?”

“ही आमच्या कंपनीची नाही,” तो बिचारा खाली बघत म्हणाला. त्याला हे रोज कोणी ना कोणी विचारत असणार.

माणूस उंच, सडसडीत, आणि बोलणं मोजूनमापून. खिशात एक वही. तिच्यात तो सगळं लिहायचा: तारीख, वेळ, बिघाड, उपाय. बायको पडल्यापासूनच्या आठ दिवसांत त्या वहीत बिघाडच बिघाड होते आणि उपायांचा रकाना कोरा होता. मावशींनी पहिल्याच दिवशी डोकावून वाचलं. ‘भात: खाली करपला, वर कच्चा. कारण कळले नाही.’ ‘मधल्याचा गणवेश: गुलाबी झाला.’ ‘धाकटी: रडते. कारण सांगत नाही.’

मोठी मुलगी नऊ वर्षांची, घरातली खरी अधिकारी. मधला मुलगा सहाचा, त्याचा एक मोजा कायम हरवलेला. धाकटीने मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ त्यांच्या मांडीवर येऊन बसली. तिने त्या दिवशी जी निवड केली, तिने पुढे सगळा घोळ घातला. पण तेव्हा मावशींना नुसतं छान वाटलं.

शिकवणी सुरू झाली आणि पहिल्याच तासाला गाडी अडली.

“भातात पाणी किती घालायचं?”

“अंदाजाने.”

“अंदाज म्हणजे किती?”

“अहो, अंदाज म्हणजे अंदाज. बोट बुडवून बघायचं.”

“कोणतं बोट?” त्याने वही उघडली होती. “आणि बोट कुठपर्यंत? मावशी, आमच्या कामात अंदाज धरला तर माणसं वरून खाली येतात. मला आकडा सांगा.”

मावशींनी तीस वर्षांत भाताला आकडा लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं बोट धुतलं, पातेल्यात बुडवलं आणि त्याने मोजपट्टीने ते मोजलं. दोन पेरं, म्हणजे साडेचार सेंटीमीटर. वहीत नोंद झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जो भात व्हायला लागला, तो मावशींच्या भातापेक्षा चांगला होता. ही गोष्ट मावशींनी कोणाजवळ बोलून दाखवली नाही.

एकदा आकडे मिळाले की तो कुठेही अडत नव्हता. तापाचं औषध किती मिलिलिटर, दूध किती मिनिटांनी वर येतं, कपडे रंगांप्रमाणे कसे निवडायचे, सगळं भिंतीवर तक्ते करून लावलं. गॅसच्या शेगडीशेजारी ‘बंद केला का? परत बघा’ अशी लाल अक्षरांची पाटी लागली. तिच्याखाली मधल्याने आपल्या हाताने लिहिलं, ‘परत परत बघा’.

अडलं ते मोठीच्या वेणीपाशी. कंगवा हातात धरून तो असा उभा राहिला, जशी काही समोर परक्या कंपनीची लिफ्टच आहे.

“बाबा, तीन पदर करायचे. मग एकावर एक,” मोठी मान न हलवता म्हणाली.

“तीन पदर?” त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे दोरासारखं? पोलादी दोराचे सहा पदर गुंफायला मला येतात.”

“माझे तीनच कर.”

वेणी झाली, आणि अशी झाली की तिला धरून मुलगी उचलता आली असती. शाळेत बाईंनी विचारलं, “तुला आज कसला धक्का बसलाय का?” कारण पोरीच्या भुवया दिवसभर खाली आल्या नव्हत्या. संध्याकाळी वहीत नोंद पडली: ‘वेणी: ताण कमी करणे.’

पाचवा आठवडा लागला तसं खरं संकट आलं, आणि ते मावशींचं होतं. आता त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसायचं आणि बघायचं. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. उतू चाललेलं दूध दिसलं की त्यांचा डावा खांदा आपोआप वर यायचा. मधल्याला नवीन काम मिळालं होतं. मावशींवर पहारा.

“मावशी, हात.”

“अरे, डोकं खाजवतेय मी.”

“डोकं इकडे आहे. हात डब्याकडे चालला होता.”

“तू मोठेपणी पोलिसात जा हो.”

“नाही. मी लिफ्टमध्ये जाणार.”

एक-एक करत यादीतली कामं व्हायला लागली. मावशी रोज खुणा करायच्या आणि मनातल्या मनात खूश व्हायच्या. वाटायचं, या वेळी फाइलमधला तो शब्द पुसला जाणार.

आणि तपासणीला तीन दिवस उरले असताना संध्याकाळी त्यांनी यादी पहिल्यापासून वाचली, तेव्हा अकराव्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. चांदणी काढलेली ओळ. ‘रडणाऱ्या मुलाला स्वतः शांत करणे.’ तिथे खूणच नव्हती. एकही नाही. सहा आठवड्यांत बापाने धाकटीला एकदाही शांत केलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. ती रडायला लागली रे लागली की मावशींचा हात पुढे व्हायचा आणि ती दोन मिनिटांत त्यांच्या खांद्यावर गप्प व्हायची. मधल्याचा पहारा स्वयंपाकघरापुरताच होता. मूल खांद्यावर घेणं हे काही काम आहे, असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. मावशींच्या तर नाहीच नाही.

त्यांनी जाऊन त्याला सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतंच काही.

“भाऊ, माझं चुकलं. मी तिला माझी सवय लावली.”

तो कपड्यांच्या घड्या घालत होता. हातातली चादर तशीच राहिली. “तीन दिवस आहेत,” तो म्हणाला. “मी करतो.”

केलं त्याने. त्या संध्याकाळी धाकटी रडली तेव्हा मावशी चपला घालून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. आत त्याने तिला हलवलं, झुलवलं, तोंडं वाकडी केली, डब्यावर चमचा वाजवला. ती घसा बसेपर्यंत “मावशी, मावशी” करत राहिली. जिन्यात मावशींनी कठडा इतका घट्ट धरला की हाताला गंज लागला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रडून दमून ती झोपली आणि तो दाराबाहेर येऊन मावशींच्या पायरीवर बसला.

“वीस मिनिटं,” तो म्हणाला. “काल पंचवीस लागली होती.”

“कमी झाली की.”

“झोपली, मावशी. शांत नाही झाली.” आणि मग वहीकडे बघत, “याला आकडा नाहीये काही.”

एरवी असलं काही ऐकलं की मावशी “द्या इकडे” म्हणून मोकळ्या व्हायच्या.

तपासणीच्या सकाळी मॅडम सातला पाच कमी असताना हजर झाल्या. पाच मजले चढून आल्यामुळे आधी काही बोलू शकल्या नाहीत, मग म्हणाल्या, “आपण लिफ्टचं काम करता ना?”

“ती त्यांच्या कंपनीची नाही,” मोठी, मधला आणि मावशी एकदम म्हणाले.

मॅडम खुर्चीवर बसल्या, मांडीवर फॉर्म. मावशी स्टुलावर, हात मांड्यांखाली. आणि काम सुरू झालं. दूध तापलं, उतू गेलं नाही. अंडी उकडली, भात झाला, तीन डबे भरले गेले. गॅस बंद झाला, परत बघितला गेला. मोठीची वेणी झाली आणि भुवया जिथल्या तिथे राहिल्या. मॅडमचं पेन खूण, खूण, खूण करत खाली चाललं होतं. मावशींचं लक्ष मात्र आतल्या खोलीच्या दाराकडे. धाकटी अजून उठायची होती.

ती उठली साडेसातला. डोळे चोळत बाहेर आली, नेहमीसारखी सरळ मावशींकडे गेली आणि हात वर केले.

मावशींनी हात काढले नाहीत.

पोरगी थोडा वेळ तशीच उभी. मावशी तिच्याकडे बघतायत, पण घेत नाहीत, हे तिच्या समजण्यापलीकडचं होतं. मग तिचा ओठ थरथरला, तोंड उघडलं आणि ती ओरडत वळली ती थेट आतल्या खोलीत, पलंगाखाली, अगदी भिंतीपर्यंत.

बाप गुडघ्यांवर बसला. “ये बाळा. ये बघू बाहेर.” हात आत घातला आणि झटकन काढला. अंगठ्यावर चार दातांचे ठसे उमटले होते. आतून किंकाळ्या येत होत्या. मावशी उठल्या. खरंच उठल्या, स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. मधला दारात उभा होता, पण या वेळी तो “हात” म्हणाला नाही. तो मावशींकडे असा बघत होता, की जा, उचला तिला. दोन पावलं. दोनच पावलं होती. आणि ती टाकली तर ही पोर त्यांच्या खांद्यावर गप्प होणार होती आणि आठवड्याभरात शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणा तिसऱ्याच्या खांद्यावर जाणार होती. मावशी परत बसल्या. त्यांना आयुष्यात याहून जड काही उचलायला लागलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कामाचा फोन. त्याने तो सवयीने उचलला, गुडघ्यांवर बसल्याबसल्याच, आणि त्याचा आवाज एकदम बदलला. मावशींनी तो आवाज सहा आठवड्यांत कधी ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, संथ, जसं काही जगात घाई नावाची वस्तूच नाही.

“नमस्कार. अजिबात घाबरू नका, मी बोलतोय ना. आत किती जण आहात?”

किंकाळी मधेच थांबली.

“एक,” पलंगाखालून उत्तर आलं.

तो पलंगाकडे बघतच राहिला. फोनमधून कोणीतरी काहीतरी सांगत होतं. “चौघं. बरं,” तो म्हणाला. “उजेड आहे का?”

“नाही,” पलंगाखालून. “अंधार आहे.”

“हवा येतेय ना नीट?”

“येते. धूळ पण आहे.”

मावशींनी डोळे मिटून घेतले. पलंगाखालचा केर यादीत सातव्या ओळीवर होता.

“दार हाताने ओढू नका. आमचा माणूस दहा मिनिटांत पोचतोय,” त्याने फोनमधल्या माणसाला सांगितलं, लगेच दुसरा फोन लावून कोणाला तरी पत्ता दिला आणि फोन बाजूला ठेवला. मग कामाच्या धुतलेल्या कपड्यांनिशी तो जमिनीवर पोटावर पालथा पडला. हात आत घातला नाही. फक्त तोंड पलंगाकडे केलं.

“आतल्या बाई, माझा आवाज येतोय का?”

“येतोय.”

“मी लिफ्टवाला. इथेच आहे, दाराच्या बाहेर. कुठे जात नाही.”

थोडा वेळ नुसते हुंदके. “मावशी येणार?”

“मावशी नाही. लिफ्टवाला आलाय.”

यावर आत बराच विचार झाला असावा.

“सोबत काही सामान आहे का?”

“मोजा आहे.”

“कोणाचा?”

“दादाचा.”

“तरी मी म्हणतोय,” मधला दारातून म्हणाला. मोठीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“कितव्या मजल्यावर जायचंय?”

“पाच.”

“अरे वा, मग पोचलोच आपण. आता दार उघडणार आहे. घाई नाही. आधी सामान बाहेर पाठवा.”

पलंगाखालून एक मोजा आला. मग एक हात. मग धुळीने पांढरं झालेलं डोकं, आणि त्याखाली भिजलेले गाल. तिने बापाच्या नाकाला नाक लावून बघितलं, हाच तो लिफ्टवाला आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखं. मग त्याच्या मानेला मिठी मारली. तो तसाच आडवा राहिला. उठायचं कसं, हे त्याला काही क्षण सुचेना.

मावशींनी मॅडमकडे बघितलं. मॅडम खुर्चीवर नव्हत्या. फॉर्म हातात घेऊन त्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, एक पाऊल पुढे टाकून. मावशींची नजर पडल्यावर त्या खोकल्या आणि मागे जाऊन बसल्या.

त्यानंतर धाकटीचं डोकं पुसलं गेलं, दूध पाजलं गेलं, बूट चढवले गेले. पण घड्याळाने काही दयामाया दाखवली नाही. शाळेची वेळ अकरा मिनिटांनी हुकली.

मॅडमनी फॉर्मवरून पेन फिरवलं. सगळे पाठीला दप्तरं लावून उभे, बापासकट.

“शाळेची वेळ, नाही. पलंगाखालचा केर, नाही.” त्यांनी चष्मा नीट केला. “बाकी बारा.”

“म्हणजे?” त्याने विचारलं. त्याला आकडा कळला होता. अर्थ दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचा होता.

“म्हणजे मुलं घरीच राहतील. धाकटी दिवसभर आणि ही दोघं शाळा सुटल्यावर, सहापर्यंत आपल्या बालकेंद्रात, आणि महिन्याने मी एक चक्कर टाकेन. करा सही इथे.”

त्याने सही केली. मग खिशातून वही काढली आणि म्हणाला, “ती दोन कोणती म्हणालात? लिहून घेतो.”

मोठीने तोवर रुग्णालयात फोन लावला होता. “आई, बारा,” एवढंच ती म्हणाली. पलीकडून आईचा आवाज आला, “बारा म्हणजे? राहिलेली दोन कोणती?”

“नवराबायको शोभता,” मावशी पुटपुटल्या.

जिन्यात तिघांच्या पावलांचा गडगडाट झाला. धाकटी बापाच्या कडेवर होती आणि प्रत्येक वळणावर “चौथा मजला, तिसरा मजला” असं पुकारत होती. तिने वळून मावशींकडे पाहिलं नाही. मावशी कठड्यावरून वाकून ऐकत राहिल्या, तळमजला येईपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी गुपचूप टिपलं. हसू मात्र टिपता येईना.

आत येऊन बघतात तो मॅडम स्वयंपाकघरात उभ्या. ओट्यावर दुधाचं पातेलं, सायीची कड वाळायला लागलेली. तीन वाट्या, चमचे, अंड्यांची टरफलं. तक्त्यावर लिहिलं होतं, ‘भांडी: बाबा, संध्याकाळी.’

दोघी त्या पातेल्याकडे बघत होत्या.

“वाळलं की निघायला त्रास होतो,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“नुसतं पाणी घालून ठेवलं तरी पुरे असतं,” मावशी म्हणाल्या.

“हो ना. नुसतं पाणी.”

मॅडमचा हात नळाकडे निघालाच होता. मावशींनी त्यांचा दंड धरला.

“चला मॅडम, आधी बाहेर पडू. नाहीतर आपल्या दोघींचं काही खरं नाही.”

मॅडम मग मोठ्याने हसल्या, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. दोघी बाहेर आल्या, मावशींनी दार ओढून घेतलं, कुलूप लागलं का ते एकदा हलवून बघितलं, किल्ली शेजारी दिली आणि पाच मजले उतरायला लागल्या.